‘भाऊ, किती मिळाले?’

एका तालुका वार्ताहराचं आठ पानी, हाताने लिहिलेलं पत्र आलं आहे. गाव आणि पेपर ओळखता येईल असं सगळं गाळून, मथितार्थ असा:

‘एका जिल्हा दैनिकाचं तालुक्याचं काम चौदा वर्षं करतोय. मानधन महिना १,५०० रुपये, शिवाय आणलेल्या जाहिरातीवर १५ टक्के कमिशन. शबनम पिशवीत बातमीची वही आणि जाहिरातीचं पावतीपुस्तक शेजारी शेजारी असतं. इथलं एक मोठं खासगी हॉस्पिटल वर्धापनदिन, दिवाळी, पंधरा ऑगस्ट आणि डॉक्टरांचा वाढदिवस मिळून वर्षाला दीड लाखाच्या जाहिराती देतं. त्या मीच आणतो, वसुलीही मीच करतो. गेल्या महिन्यात तीन कुटुंबं माझ्याकडे आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसलेलं असताना त्यांच्याकडून ‘डिपॉझिट’ म्हणून रोख पैसे घेतले होते. मी बातमी पाठवली, ती आली नाही. चौथ्या दिवशी त्याच हॉस्पिटलच्या मोफत तपासणी शिबिराची बातमी चार कॉलम आली, फोटोसकट, वर माझं नाव. संध्याकाळी एसटी स्टँडवर त्यातल्या एका पेशंटचा मुलगा भेटला. चहा घेता घेता म्हणाला, “भाऊ, किती मिळाले?” त्या रात्री जेवण गेलं नाही. काम सोडू? बातमी दुसऱ्या पेपरच्या माणसाला देऊ? की फेसबुकवर टाकून मोकळा होऊ?’

नमस्कार.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही बेरीज केलेली नाही. दीड लाखाचे १५ टक्के म्हणजे २२,५०० रुपये. पेपर तुम्हाला वर्षाचं मानधन देतो १८,०००. म्हणजे हॉस्पिटलकडून तुमच्या घरात पेपरपेक्षा साडेचार हजार जास्त येतात. ही बातमी थांबवायला तुमच्या हातात कोणी पाकीट ठेवलं नाही, हे मला मान्य आहे. ठेवायची गरज काय होती? त्या पोराला हा हिशेब माहीत नाही, पण गावाला वास येतो.

रागावू नका. हे तुमच्यापेक्षा बऱ्या पगारावर आणि पंख्याखाली बसून मीही केलं आहे. नव्वदचं दशक संपता संपताची गोष्ट. रात्री पावणेअकरा, शहर पान सोडायची घाई. बांधकामावरची लिफ्ट कोसळून दोन मजूर गेले होते. वार्ताहराने बिल्डरचं नाव, साइटचा पत्ता, पोलीस ठाणं, सगळं नीट दिलेलं. त्या बिल्डरचं रविवारच्या अंकात शेवटचं अख्खं पान बुक होतं. मला कोणाचा फोन आला नव्हता. संपादक घरी गेले होते, जाहिरात विभागाला तर केव्हाच कुलूप लागलेलं. मी प्रूफ पुढे ओढलं, बिल्डरच्या नावावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘शहरातील एका नामांकित बांधकाम व्यावसायिकाच्या’. नामांकित! ज्याचं नाव छापायचं नाही, त्याला आपल्या धंद्यात नामांकित म्हणतात. आजही ‘नामांकित शाळेत’, ‘नामांकित रुग्णालयात’ असं वाचलं की माझा हात आपोआप पुढची पानं उलटतो, जाहिरात शोधायला. मजुरांची नावं मात्र त्या बातमीत मी पूर्ण ठेवली होती, वयासकट.

सांगायचा मुद्दा असा की त्या रात्री मला कोणी काही सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं जाहिरातदाराचा फोन मालकाला जातो, मालकाचा संपादकाला, आणि बातमी मरते. असंही होतं, नाही असं नाही. पण रोजच्या रोज होतं ते वेगळं. पानाचा डमी, म्हणजे कच्चा आराखडा, जाहिरातींच्या चौकटी भरूनच डेस्कवर, म्हणजे आम्हा उपसंपादकांकडे, येतो आणि उरलेल्या जागेत बातमी बसवायची असते. दहा वर्षं तो कागद बघितला की माणसाला कळायला लागतं कोणाच्या चौकटी कुठे असतात. मग पेन स्वतःच वळण घेतं. वर पुन्हा आपण त्याला ‘समतोल’ म्हणतो.

मोठ्या पेपरांमध्ये याच गोष्टीला भारदस्त नावं मिळाली. २००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ काढलं आणि पुरवण्यांतला मजकूर राजरोस विकायला काढला. त्यानंतर ‘प्रायव्हेट ट्रीटी’ आल्या. कंपनीने जाहिरातीचे पैसे रोख द्यायचे नाहीत, बदल्यात आपले शेअर्स द्यायचे. आता ज्या कंपनीचे शेअर्स आपल्याच तिजोरीत, तिच्या तोट्याची बातमी पहिल्या पानावर कोण लावणार? २०१० मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला सांगावं लागलं की ज्या कंपनीत माध्यमसमूहाची भागीदारी आहे तिच्याविषयी लिहिताना ती भागीदारी वाचकाला सांगा.

आणि २००९ ची विधानसभा निवडणूक तर तुम्ही स्वतः पाहिली असेल, तेव्हा तुम्ही या धंद्यात अजून आला नसाल. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचे गोडवे गाणारा एकच मजकूर, अक्षरशः शब्दाला शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पानंच्या पानं होती. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्री जाहिरातींचा आकडा दाखवला होता ५,३७९ रुपये. तेवढ्यात तुमच्या जिल्हा आवृत्तीत डॉक्टरांच्या वाढदिवसाची चौकटसुद्धा येत नाही! पैसे दिले-घेतल्याचं त्यांनीही नाकारलं आणि पेपरांनीही. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये खर्चाचा हिशेब बरोबर नसल्याचं म्हटलं, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. याच वादळात प्रेस कौन्सिलने, म्हणजे वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेने, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांना चौकशीला बसवलं. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलने त्यातली नावं गाळून एक छोटा अहवाल पुढे केला आणि मूळचा बाजूला ठेवला. तो संपूर्ण बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ मध्ये. पेपरांच्या पैशाविषयीचा अहवाल पेपरवाल्यांनी भरलेल्या संस्थेत अडकला, यात नवल ते काय.

हे सगळं सांगितलं ते ‘वरपासून खालपर्यंत असंच चालतं’ असा तुम्हाला दिलासा द्यायला नाही. फरक दाखवायचा होता. मोठ्या पेपरात पैसे घेणारा एक आणि बातमी लिहिणारा दुसरा असतो. मध्ये भिंत असते, तिला भोकं पडली तरी भिंत असते. तुमच्याकडे ती एका शबनमच्या आत आहे. तीही नाही, दोन कागद एकमेकांना घासतात. पेपरने तुम्हाला दीड हजारावर ठेवलं तेव्हाच ठरलं होतं की बाकीचं तुम्ही गावातून उभं करायचं. म्हणून या व्यवस्थेचा सगळा दोष तुमच्या माथी मारायला मी तयार नाही. थोडा मारणार आहे. आता तिकडे येतो.

तुम्ही मूळ बातमी पत्राला जोडली आहे. ती मी तीनदा वाचली. मथळा: ‘गोरगरिबांची लूट, डॉक्टर की दरोडेखोर?’ पहिलं वाक्य: ‘या प्रकाराने तालुक्यात संतापाची लाट उसळली आहे.’ कुठे उसळली? तुमच्याकडे तीन कुटुंबं आली होती. त्यांची नावं बातमीत नाहीत. पैसे किती घेतले ते नाही, कोणत्या तारखेला ते नाही, पावती दिली की नाही ते नाही. आणि शेवटी, ‘डॉक्टरांशी संपर्क होऊ शकला नाही.’ अहो, ज्या माणसाकडे तुम्ही दर महिन्याला बिलाच्या वसुलीला जाता, त्याच्याशी नेमका याच आठवड्यात संपर्क होऊ शकला नाही? तुम्ही त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने आधी जाहिरातीचं काढलं असतं, आणि ते तुम्हाला नको होतं. समजू शकतो.

मी तुमच्या डेस्कवर असतो, आणि अगदी प्रामाणिक असतो, तरी ही बातमी त्या रात्री लावली नसती. जाहिरातदाराची बातमी दाबायची झाली तर संपादकाला एक सभ्य कारण हवं असतं. तुम्ही ते बातमीतच घालून पाठवलंत. तुम्हाला डेस्कने फोनवर जे सांगितलं, ‘बातमी कच्ची आहे’, ते खोटं असेलही, पण बातमी खरोखर कच्ची आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि या धंद्यात बहुतेक वेळा असतातच.

तेव्हा ती पहिल्यापासून करा. योजनेतल्या उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं, त्याचे पैसे हॉस्पिटलला योजनेकडून मिळतात आणि लाभार्थ्याकडून त्यासाठी रक्कम घ्यायची नसते. एवढं कलम हातात असल्यावर ‘दरोडेखोर’ लिहायची गरजच उरत नाही. प्रत्येक कुटुंबाकडून भरतीची तारीख, ऑपरेशन कोणतं, मंजुरी कधी आली, पैसे कोणत्या खिडकीवर, कोणत्या दिवशी, किती दिले, हे लिहून घ्या आणि खाली सही घ्या. नाव छापायला तयार आहेत का, तेही विचारा. हॉस्पिटलमध्येच योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटला मदत करणारा माणूस, बसतो. त्याला यांनी सांगितलं होतं का, तो काय म्हणाला? मग तिघांच्या तीन तक्रारी योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी द्यायला लावा, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. पोच घ्या, शिक्क्यासकट, आवक क्रमांकासकट. त्या शिक्क्याने बातमीची जातच बदलते. आधी ती ‘वार्ताहराचा आरोप’ होती, आता ‘तिघांची तक्रार दाखल’ झाली. डेस्कला ती अडवायला नवं कारण शोधावं लागेल.

हॉस्पिटलला प्रश्न ई-मेलवर पाठवा, उत्तराला दोन दिवस द्या. कदाचित ते म्हणतील की मंजुरी यायच्या आधी अनामत म्हणून घेतले, परत करणारच होतो. ठीक आहे, ते जसंच्या तसं छापा आणि पुढे विचारा, मंजुरी कधी आली आणि पैसे कधी परत केले? दोन तारखा शेजारी ठेवल्या की तुम्हाला विशेषण लागणार नाही.

इथे एक गोष्ट सांभाळा, आणि ही मी जरा ताणून सांगणार आहे. तुम्ही दबावाची एकच बाजू लिहिली आहे. तालुक्याच्या ठिकाणी दुसरी बाजूही तितकीच जोरात चालते. ‘जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो.’ असे महाभाग तुम्हाला माहीत आहेत. त्यातल्या एक-दोघांबरोबर तुम्ही पत्रकार दिनाला व्यासपीठावर बसता, जांभेकरांच्या फोटोला हार घालता. डॉक्टरच्या डोळ्यांत तुम्ही आणि ते एकच. त्यामुळे तुमचा ई-मेल गेल्यावर ते फोन करतील आणि गोड आवाजात म्हणतील, ‘यंदा वर्धापनदिनाला फुल पेज घेऊ या का?’ त्या क्षणी तुम्ही काय बोलता यावर सगळं आहे. ‘नंतर बघू’ म्हणालात तरी संपलात. हसलात तरी संपलात. ‘जाहिरातीचं माझ्याशी बोलू नका, प्रश्नांचं उत्तर तेवढं द्या’, एवढंच म्हणा आणि तेच लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा. उद्या कोणी खंडणीचा अर्ज दिला तर तो एक मेसेज तुमच्या कामाला येईल. अगदी निर्दोष माणसावरही असे अर्ज पडतात, मी पाहिले आहेत.

पण ‘जाहिरातीचं माझ्याशी बोलू नका’ हे म्हणायचं तर ते खरं असायला हवं. म्हणून ई-मेल पाठवायच्या आधी जिल्हा कार्यालयाला पत्र द्या की या हॉस्पिटलचं जाहिरात-खातं इथून पुढे तुम्ही सांभाळा, वसुलीही तुम्हीच करा. जाहिरात व्यवस्थापक खुशीने हो म्हणेल, त्याचे १५ टक्के वाचतात! तुमचे २२,५०० जातील. तो खड्डा मोठा आहे, मला कळतं. हा निर्णय वहिनींना सांगितल्याशिवाय घेऊ नका, कारण किराणा त्या भरतात. बातमी त्यानंतरही अडेल कदाचित. पण मग ती दुसऱ्या कोणीतरी अडवलेली असेल, आणि एसटी स्टँडवर तुम्हाला मान वर करून चहा पिता येईल.

सगळ्या जाहिराती सोडा असं मी म्हणत नाही, म्हणणं सोपं आहे, माझी पेन्शन चालू आहे. पुण्यस्मरणाच्या घ्या, दशक्रियेच्या घ्या, साड्यांच्या दुकानाच्या, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या घ्या. पुण्यस्मरणामुळे सहसा कोणाची बातमी मारावी लागत नाही. पण हॉस्पिटल, शाळा-क्लासेस, बिल्डर, पतसंस्था, कारखाना, बाजार समिती यांना तुमच्या पावतीपुस्तकात जागा नको. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचंही बघा, ज्याचा वाढदिवस मार्चमध्ये तोच एप्रिलमध्ये टँकरच्या बातमीत असतो. नगरपालिकेच्या निविदांचा विषय इथे काढत नाही, सरकारी जाहिरातीवर जगणाऱ्या पेपरांचं दुखणं वेगळं आणि याहून जुनं आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता तुमचे तीन प्रश्न. काम सोडू नका, निदान ही बातमी नीट होऊन, छापून किंवा लेखी नाकारली जाऊन हाती येईपर्यंत तरी नाही. आत्ता सोडलंत तर गाव म्हणेल, मिळाले म्हणून गेला. बातमी पाठवताना सोबत एक ओळ जोडा, ‘काही त्रुटी असल्यास कळवावे, पूर्तता करतो.’ उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. भांडू नका, फक्त कागद साठवा.

दुसऱ्या पेपरच्या माणसाला तुम्ही लिहिलेली बातमी देऊ नका. शिवाय त्याचं त्या हॉस्पिटलशी खातं किती रुपयांचं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पण ती कुटुंबं कोणाशीही बोलायला मोकळी आहेत, ही त्यांची गोष्ट आहे, तुमची नाही. तसं त्यांना स्वतःहून सांगा.

फेसबुक? अजिबात नाही. पाठीशी डेस्क नाही, वकील नाही आणि भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं ३५६ वं कलम आहे. पोस्ट टाकली की ‘काढा, बघून घेऊ तुमचं’ असा फोन येतो. आणि पोस्ट काढली की त्या मुलाचा प्रश्न दुसऱ्यांदा येतो.

प्रेस कौन्सिलचंही तुम्ही विचारलं आहे. छापून आलेल्या मजकुरावर, म्हणजे जाहिरात बातमीच्या वेषात छापली अशी तक्रार असेल, तर आधी संपादकाला लिहायचं आणि दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे जायचं. ते ताशेरे ओढू शकतात, दंड करू शकत नाहीत. न छापलेल्या बातमीसाठी तिथे खेटे घालण्यात अर्थ नाही.

उरलं ते शिबिराच्या बातमीवरचं तुमचं नाव. हे तुम्ही उद्यापासून थांबवू शकता आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. हॉस्पिटलची प्रेस नोट आली तर पुढे पाठवा, वर लिहा, ‘प्रसिद्धीपत्रक आहे, माझं नाव टाकू नये.’ डेस्क ‘प्रतिनिधी’ टाकेल, टाकू दे. चौदा वर्षांत पेपरने तुम्हाला दिलेल्या गोष्टींत तुमची स्वतःची म्हणावी अशी ती एकच ओळ आहे.

आणि त्या मुलाच्या घरी जा. बातमी येईल तेव्हा येईल, आधी त्यांचे पैसे परत मिळायला हवेत, आणि ते बातमीने नाही, तक्रारीने मिळतील. त्याला २२,५०० चा आकडा सांगा, कशाचा तेही सांगा आणि ते खातं सोडलं असेल तर तेही सांगा. तो काय बोलेल ते ऐकून घ्या. तक्रारीचा अर्ज त्याला लिहून द्या, तुमचं अक्षर सुरेख आहे. जिल्ह्याला जाणारी सकाळची एसटी धरून त्याच्याबरोबर जा, पोच घेतल्याशिवाय फिरू नका. निघण्याआधी शबनममधलं पावतीपुस्तक मात्र काढून घरी ठेवा.